ओठ मिटलेले, दात सुटे

मी उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात वकिली करते. बोलणं हाच धंदा, आणि दुखणं जडलं ते नेमकं जबड्याच्या सांध्याचं. डाव्या कानापुढे ठणका, सकाळी उठल्यावर गाल आखडलेला, मनासारखी जांभई द्यायची चोरी, आणि भाकरीचा घास चावताना कानाजवळ ‘कट्’. हे दुखणं जिवावरचं नाही, म्हणून घरात कुणी फारसं विचारत नाही. पण तोंड तर दिवसभर उघडावंच लागतं, त्यामुळे विसरताही येत नाही. मी डॉक्टर नाही. समोर आलेला पुरावा उलटसुलट करून बघायची सवय मात्र आहे, आणि या दुखण्यात ती फार कामाला आली. त्यातून जे हाती लागलं ते असं.

१. कान दुखतो म्हणजे कानच बिघडलाय असं नाही.

आपल्याकडे कान दुखला की आधी घरात तेल कोमट होतं आणि मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची पाळी येते. माझा कान त्यांनी दिवा लावून नीट बघितला. पडदा स्वच्छ, मळ नाही, पू नाही. ‘कानात काही नाही’ हे ऐकून बरं वाटण्याऐवजी चिडच येते, कारण दुखत तर असतंच.

कानाच्या छिद्रापुढे जो छोटा उंचवटा असतो, त्याच्या किंचित पुढे बोट ठेवा आणि तोंड सावकाश उघडा-मिटा. बोटाखाली जे हाड सरकतं तो हा सांधा. कान आणि सांधा यांच्यामध्ये जेमतेम पातळ हाडाची भिंत आहे, आणि दोन्हीकडची वेदना बरीचशी एकाच मज्जातंतूच्या फांद्यांवाटे मेंदूकडे जाते. मग नक्की कुठे दुखतंय हे माणसाला सांगता येत नाही. जेम्स कॉस्टन या अमेरिकन कान-नाक-घसातज्ज्ञाने १९३४ साली कानाच्या अशा तक्रारी जबड्याच्या सांध्याशी जोडून दाखवल्या. दाढा पडल्या की जबडा मागे सरकतो आणि कानाजवळच्या नसा दाबतो, हे त्याने दिलेलं कारण पुढे टिकलं नाही. कान आणि सांध्याचा संबंध मात्र टिकला.

दाढेचंही तेच. गालातला चावायचा मोठा स्नायू धरला की कळ दाढेत उतरते. चांगली दाढ काढून घेऊनही दुखणं तसंच राहिलेले पक्षकार मी पाहिले आहेत. दाढ काढायला सांगितली आणि एक्स-रेमध्ये तिच्यात काहीच दिसत नसेल, तर दुसऱ्या दंतवैद्याला दाखवल्याशिवाय खुर्चीत बसू नये.

२. जबडा बोलण्याने नाही, गप्प बसण्याने दुखतो.

घाटीच्या, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, १९८२ पासून. आसपासच्या जिल्ह्यांतून लोक तिथे येतात, केसपेपर काढतात आणि बाकावर बसून राहतात. तिथल्या एका तरुण डॉक्टर मुलीने माझं तोंड उघडायला सांगायच्या आधीच विचारलं, ‘‘मॅडम, आत्ता या घटकेला तुमचे दात एकमेकांना टेकलेत का?’’

टेकले होते. नुसते टेकलेले नव्हते, आवळलेले होते.

तिने सांगितलं ते असं. दात दिवसभर एकमेकांवर ठेवायचे नसतात. जेवताना आणि गिळताना मिळून ते टेकतात ती वेळ दिवसाला जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची. बाकी सगळा वेळ वरच्या आणि खालच्या दातांत थोडी फट असायला हवी. फार जोराने आवळायची गरजच नाही. हलके टेकवून ठेवले तरी गालाचे आणि कानशिलाचे स्नायू कामाला लागतात आणि तासन्‌तास कामावरच राहतात. संध्याकाळी ते दुखणार नाहीत तर काय.

मी घरी आले ते ‘बोलून बोलून दुखत असेल’ हा सगळ्यांचा लाडका अंदाज बाजूला ठेवूनच. दुसऱ्या दिवसापासून कोर्टात स्वतःवर नजर ठेवली. युक्तिवाद करताना जबडा मोकळा असायचा. बोलणाऱ्याचे दात सहसा मिटलेले राहत नाहीत. आवळायचे ते समोरचे वकील बोलत असताना. भूसंपादनाचं जुनं अपील, समोरचे विद्वान मित्र रेकॉर्डवर नसलेली गोष्ट ठणकावून सांगताहेत, मध्ये बोलायची सोय नाही, आणि माझ्या दाढा एकमेकींत रुतलेल्या. तीच गत आपलं मॅटर बोर्डावर पोचेल की नाही याची वाट बघत मागच्या खुर्चीवर बसताना. तीच रात्री मसुदा तपासताना. आणि संध्याकाळी जालना रोडवर क्रांती चौकातून सिडकोकडे जाताना तर विचारूच नका. उड्डाणपूल झाले तरी खालची गर्दी आहे तिथेच आहे.

तुमचं ठिकाण वेगळं असेल. वाळूजच्या कारखान्यात शॉपफ्लोअरवर बारीक जोडकाम करणारा, शिवणयंत्रावर दोरा ओवणारी बाई, दहावीच्या मुलासमोर गणिताचं पुस्तक धरून बसलेला बाप: लक्ष एकवटलं किंवा राग गिळला की दात मिटतात. आपले कधी मिटतात हे ज्याचं त्यानेच शोधायचं. ते एक्स-रेत दिसत नाही.

३. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला.

उपाय म्हणून हेच सांगितलं गेलं, आणि इतकं साधं सांगितल्यावर आपल्याला पैसे फुकट गेल्यासारखं वाटतं. (केसपेपरचे पैसे ते केवढे!) ‘न’ म्हणताना जिभेचं टोक जिथे टेकतं तिथे ते अलगद ठेवायचं. तसं ठेवलं की दाढा आपोआप सुटतात. त्यात ताकद लावायची नाही आणि जबडा पुढेही काढायचा नाही.

अवघड आहे ती आठवण राहणं. मी कोर्टाच्या फायलींवर, लॅपटॉपच्या कडेला, गाडीच्या आरशाखाली आणि स्वयंपाकघरात मिक्सरवर लाल टिकल्या चिकटवल्या. टिकली दिसली की दात तपासायचे आणि सोडायचे. माझ्या ज्युनिअरने आठवडाभर ते पाहिलं आणि शेवटी हळूच विचारलं, ‘‘मॅडम, लाल टिकलीवाल्या फायलींची मुदत संपत आलीये का?’’ त्या आठवड्यात त्याने सगळ्या लाल टिकलीवाल्या फायली आधी उरकल्या होत्या. मी ते चालू दिलं.

फरक पडायला वेळ लागतो. स्नायूंची सवय वर्षांची असते. पण एवढ्या सगळ्या उपायांतला एकच ठेवायचा झाला तर मी हाच ठेवीन.

४. आवाजाला घाबरू नये, अडकण्याला घाबरावं.

या सांध्यात हाडांमध्ये एक चिवट चकती असते. तोंड उघडताना जबड्याचं टोक आधी जागच्या जागी फिरतं आणि मग त्या चकतीसकट पुढे घसरतं. चकती जरा पुढे सरकलेली असली की ती जागेवर येताना ‘कट्’ वाजते. असा आवाज कितीतरी लोकांच्या जबड्यात असतो, आणि दुखत नसेल तर त्यावर काहीही करायचं नसतं. पुनःपुन्हा वाजवून मात्र बघू नये. बोटं मोडल्यासारखा जबडा वाजवून दाखवणारे महाभाग आमच्या बार रूममध्येही आहेत.

आवाज एकाएकी बंद झाला आणि त्याच दिवसापासून तोंड अर्धंच उघडू लागलं, तर मात्र चकती अडकली असं समजावं आणि उशीर करू नये. घरी करायची परीक्षा सोपी आहे. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघायचं. गेली म्हणजे तोंड साधारण चाळीस मिलिमीटर उघडतं, तेवढं ठीक. स्वतःचीच बोटं वापरायची, नवऱ्याची नाही.

५. भाकरी सोडू नका, कुस्करा.

मराठवाड्यात जबडा दुखणाऱ्या माणसाचे हाल जेवणापासून सुरू होतात. ज्वारीची ताजी भाकरी मऊ असते, दुपारी डब्यात ती कडक होते. मग वरणात किंवा आमटीत कुस्करून भिजू द्यावी. दशमी चालते, ज्वारीच्या कण्या चालतात, मुगाची खिचडी चालते. शेंगदाण्याची चटणी कुटलेली चालते, मुठीने शेंगदाणे चालत नाहीत. फुटाणे, ऊस, चिक्की, मक्याचं कणीस आणि च्युइंगगम दुखणं जोरात असेपर्यंत बंद. पेरू दाताने फोडायचा नाही, फोडी करून खायचा.

नानखलियाचं मी मुद्दाम सांगते, कारण या शहरात राहून ते टाळणं म्हणजे नातेवाइकांशी वैर. खलिया चालतो. मटण चांगलं शिजलेलं असतं आणि रस्सा काही चावावा लागत नाही. बाधतो तो नान. गार झालेला तंदुरी नान दाताने धरून ओढला की सांध्याची परीक्षाच. गरम असतानाच हाताने तुकडे करून रश्श्यात बुडवायचे आणि दोन्ही बाजूंनी चावायचं. मी खाते.

पण महिनोन्‌महिने पेज आणि खिमटीवर राहू नये. स्नायू आणखी आखडतात. दुखणं ओसरलं की हळूहळू नेहमीच्या जेवणावर यायचंच.

६. शेक खरा, पण आधी हाताला लावून बघा.

आईची पद्धत: जाडं मीठ तव्यावर गरम करायचं, सुती रुमालात पुरचुंडी बांधायची, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायची आणि सोसवलं तरच गालावर. दहा-पंधरा मिनिटं, कानापुढून जबड्याच्या कोनापर्यंत आणि वर कानशिलावर. कानशिलाचा स्नायूही चावण्याचाच आहे, हे आईला कुणी सांगितलं नव्हतं. तिने दात आवळून तिथे हात लावून बघितला होता. दंत महाविद्यालयात गरम पाण्यात पिळलेला ओला टॉवेल सांगितला. दोन्हींचं काम एकच. मार लागून नुकतंच दुखत असेल तर शेक नको, फडक्यात गुंडाळलेला बर्फ.

शेकानंतर स्नायू सैल असताना व्यायाम. आरशासमोर बसायचं, जिभेचं टोक टाळूला, आणि ते न सोडता तोंड जितकं उघडेल तितकंच उघडायचं. जबडा एका बाजूला वळत असेल तर आरशात दिसतो. तो सरळ रेषेत खाली नेण्याचा सराव करायचा. जोर लावून ताणायचं नाही. फिजिओथेरपिस्ट हे हाताने शिकवतात, आणि या दुखण्यात त्यांचा उपयोग होतो हे अनेक दंतवैद्यसुद्धा सांगायचं विसरतात.

वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तेवढे दिवस. औषधाच्या दुकानातून स्वतःच आणून महिनोन्‌महिने घेतल्या तर आधी पित्त आणि मग मूत्रपिंड. काहींना रात्री अगदी थोड्या मात्रेत ॲमिट्रिप्टिलिन देतात. हे मूळचं नैराश्यावरचं औषध, कमी मात्रेत जुनाट वेदनेवर चालतं. चिठ्ठीवरचं नाव मोबाइलमध्ये शोधून ‘मला वेडी समजले’ म्हणून रुसायचं कारण नाही.

७. झोप आणि नळाचं पाणी.

आमच्या शहरात जायकवाडीचं पाणी नळाला रोज येत नाही. वस्तीप्रमाणे चार-पाच दिवसांनी, कधी आठवडा उलटून, आणि ते पहाटे येईल की मध्यरात्री याचा नेम नाही. पाणी आलं की घरातलं कुणीतरी उठून मोटार लावतं, हौद भरतो का बघतं. आमच्याकडे ते कुणीतरी म्हणजे मी. अशा रात्रीनंतरची माझी सकाळ हमखास जबडा धरलेली असते. अर्धवट झोपेत दात खाणं वाढतं, आणि झोप मोडलेल्या माणसाला तेच दुखणं जास्त जाणवतं. अमेरिकेत २००६ पासून चाललेल्या ‘ओप्पेरा’ या मोठ्या अभ्यासातही हेच पुढे आलं. निकृष्ट झोप, शरीरात इतरत्र असलेली दुखणी आणि ताण यांचा या दुखण्याशी घट्ट संबंध आहे. बायकांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आढळतं. रात्री पाणी भरायला कोण उठतं हे कुणी अभ्यासात विचारलं असेल असं वाटत नाही.

घरात मी एवढंच केलं की पाण्याच्या रात्री वाटून घेतल्या. संध्याकाळचा शेवटचा चहाही सोडला, कारण चहा-कॉफी, दारू आणि तंबाखूने रात्रीचं दात खाणं वाढतं.

नाइट गार्डबद्दल: मापं घेऊन बनवलेलं कडक ॲक्रिलिकचं गार्ड दात झिजण्यापासून वाचवतं आणि काहींना सकाळी बरं वाटतं. दात खाणं ते थांबवत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या मऊ रबरी गार्डवर काही जण उलट जास्तच चावतात. आणि लहान मूल झोपेत दात खातं म्हणून लगेच त्याला जंताचं औषध पाजू नका. जंत असतील तर औषध जरूर द्यावं. पण मुलांचं दात खाणं बहुतेक वेळा वयानुसार आपोआप जातं.

८. ज्या निकालावर अपील नाही, तो घाईत घेऊ नये.

इथे माझ्यातली वकील जागी होते. गार्ड आवडलं नाही तर काढून ठेवता येतं. व्यायाम सोडता येतो. गोळी बंद करता येते. पण ‘चावा जुळवायला’ घासलेली दाढ परत उगवत नाही. सांध्याच्या दुखण्यासाठी सगळे दात घासून कॅप बसवणं, केवळ त्या दुखण्यासाठी तारा लावणं, सांधा उघडून चकती काढणं हे निर्णय मागे फिरत नाहीत. २०२३च्या डिसेंबरमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या जुनाट दुखण्याविषयी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची मार्गदर्शक सूचना छापून आली. त्यांनी उचलून धरलं काय? वेदना आणि ताण हाताळायचं प्रशिक्षण, जबड्याचे व्यायाम, फिजिओथेरपिस्टच्या हातचे उपचार, स्वतःची काळजी. विरोध कशाला? दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या उपायांना आणि चकती काढण्याच्या शस्त्रक्रियेला.

अमेरिकेत ऐंशीच्या दशकात चकतीच्या जागी टेफ्लॉनयुक्त कृत्रिम तुकडे बसवण्याची लाट आली होती. ते तुकडे सांध्यातच झिजले, हाड पोखरलं गेलं, आणि १९९०-९१ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला ते बाजारातून मागे घ्यायला लावावे लागले. बसवून घेतलेल्यांचे सांधे मात्र परत मिळाले नाहीत.

शस्त्रक्रिया कुणालाच लागत नाही असं मी म्हणत नाही. सांधा जखडलेल्यांना, अपघातात हाड मोडलेल्यांना लागते. अडकलेला सांधा सुईने धुऊन काढायची छोटी प्रक्रियाही असते. पण साध्या उपायांना काही महिने दिल्याशिवाय आणि दुसरं मत घेतल्याशिवाय सही करू नका. बहुतेकांचं काम साध्या उपायांतच भागतं.

९. मोबाइल खांदा आणि गाल यांच्यात धरायचा नाही. हनुवटीला हात लावून वाचत बसायचं नाही. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची.

जांभई देताना जबडा उघडाच राहिला, मिटेना, तर तो निसटला. घरच्यांनी ओढाताण करू नये. तडक घाटीच्या अपघात विभागात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं. जागेवर बसवता येतो, आणि ही विद्या जुनी आहे. सुश्रुताने निसटलेला जबडा शेकून, बसवून मग ‘पंचांगी’ नावाचा बंध बांधायला सांगितलं आहे.

१०. सगळंच सांध्याचं नसतं.

छातीत दडपण, घाम आणि जबड्यात कळ असेल तर हृदय, तिथे शेक देत बसू नये. पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखू लागलं, चावताना जबडा थकून येऊ लागला आणि नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. ही लक्षणं ज्या आजाराची असतात त्यात डोळे जाऊ शकतात. क्षणभर विजेसारखी चमकून जाणारी कळ मज्जातंतूची असते. गालाला बधिरपणा, गाठ, ताप आणि सूज यांपैकी काहीही असलं तर घरगुती उपाय बंद.

आणि आपल्या भागातलं सर्वांत महत्त्वाचं. तोंड हळूहळू कमी उघडू लागलंय, तिखट लागलं की आग होते, गाल आतून पांढुरका आणि ताठ लागतो, आणि माणूस सुपारी, मावा किंवा गुटखा खातो: हा सांध्याचा आजार नाही. हे सबम्युकस फायब्रोसिस. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच भारतातल्या रुग्णांवरून त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. गालाच्या आत तंतूंचे पट्टे तयार होतात, आणि काहींमध्ये पुढे त्यातूनच कर्करोग होतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवर काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि साध्या सुपारीला तर बंदीही नाही. माझ्याकडे येणाऱ्या विशी-पंचविशीतल्या पक्षकारांपैकी काहींना नाव सांगायलाही नीट तोंड उघडता येत नाही. ते मला सांगतात, ‘‘मॅडम, जबडा धरलाय.’’

घरात असं कुणी असेल तर त्याला आजच तीन बोटांची परीक्षा करायला लावा. बोटं जात नसतील तर ही सगळी यादी बाजूला ठेवा, सुपारी बंद करा आणि त्याला घेऊन सकाळच्या ओपीडीला दंत महाविद्यालय गाठा.